पाणी राखणारे हात

घड्याळ, फोन आणि चपला इथेच ठेवा. सुती सदराही उतरवा. तुम्ही जिथे निघाला आहात तिथे सुती वस्त्र सरदार-दरकदारांनी वापरायचं, बाकीच्यांनी घायपाताच्या धाग्याचं उपरणं खांद्यावर गाठ मारून पांघरायचं. निघण्याआधी एकदा दंड पाहून घ्या. देवीच्या लशीचा गोल व्रण असेल तर सगळे थांबे तुमचे. नसेल तर तिसऱ्या थांब्यावर होडीतून उतरू नका.

नोव्हेंबर १५१९, पहाट

थंडी चांगलीच बोचते, कारण तुम्ही समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटर उंचीवर आहात. होडी अरुंद कालव्यातून सरकते आहे. दोन्ही बाजूंना लांबट वाफे आहेत. तळ्यात खुंट ठोकून, त्यांत गवत आणि गाळाचे थर भरून माणसांनी ही जमीन तयार केली आहे. कडेने वाळुंजाची झाडं लावली आहेत, त्यांची मुळं माती धरून ठेवतात. समोरून एक होडी येते आणि नाकाला आधी कळतं की तिच्यात सोनखत आहे. रस्त्यांच्या कडेला बोरूचे आडोसे करून बांधलेल्या शौचकूपांतून ते गोळा केलं जातं आणि विकलं जातं. या शहरात काही वाया जात नाही.

शहराचं नाव तेनोच्तित्लान, मेशिका लोकांची राजधानी. तेश्कोको तळ्यातल्या बेटावर दीड-दोन लाख माणसं राहतात, असा अनेक अभ्यासकांचा अंदाज आहे. देवळावरून शंख फुंकला जातो. त्याच्याही आधीपासून घराघरातून दगडावर दगड घासल्याचा आवाज येतो आहे. दारातून आत डोकवा. एक बाई गुडघ्यांवर बसून उतरत्या पाट्यावर मका वाटते आहे. चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर भिजवलेला मका, त्याचं टरफल सुटलेलं. वरवंटा पुढे जातो, मागे येतो, पिठाचा लगदा पाट्याच्या टोकाला साचतो. मातीच्या तव्यावर भाकरी फुगते. घरची सगळी खाईपर्यंत तिला पाट्यापासून उठता येत नाही. ही बाई लक्षात ठेवा.

आता तळं बघा. पूर्वेकडचं पाणी मचूळ, दक्षिणेकडून येणारं गोडं. दोन्ही मिसळली तर वाफे मरतील, म्हणून तेश्कोकोचा राजा नेसावालकोयोत्ल याच्या देखरेखीखाली सुमारे सोळा किलोमीटरचा बांध घातला गेला. पिण्याचं पाणी चापुल्तेपेकच्या झऱ्यांवरून येतं. त्यासाठी शेजारीशेजारी दोन पाट आहेत. एक वाहतो तेव्हा दुसरा उपसून साफ करतात. म्हणजे या शहराला रोज हात लागतात. गाळ काढणारे, बांध लिंपणारे, मका वाटणारे.

त्लातेलोल्कोच्या बाजारात उतरा. टोमॅटो, भोपळ्याच्या बिया, घेवडा, राजगिरा, टर्की पक्षी, तळ्यातल्या शेवाळाच्या वड्या. मिरचीचे तर ढीगच. पोर्तुगिजांच्या जहाजांतून येऊन आपल्याकडे रुजायला तिला अजून अवकाश आहे. सुट्टे पैसे म्हणजे कोकोच्या बिया. घेताना प्रत्येक बी दाबून बघा, कारण आतला गर काढून मेण किंवा पीठ भरलेल्या खोट्या बियाही चालवल्या जातात. तक्रार असेल तर बाजारातच न्यायाधीश बसलेले आहेत.

भारावून मात्र जाऊ नका. मोठ्या देवळाजवळ मानवी कवट्यांची रचलेली चौकट आहे. बळी दिलेल्यांत युद्धकैदी आहेत, शेजारच्या राज्यांतली तरणी पोरं आहेत. बाजारातला कापूस, कोको, पिसं यांतलं बरंच काही खंडणी म्हणून आलेलं आहे. ती भरणाऱ्यांचा राग या बाजारात ऐकू येत नाही, पण तो उद्या रस्त्यानेच चालत येणार आहे.

८ नोव्हेंबर १५१९, दक्षिणेचा बंधारा-रस्ता

आठ घोडेस्वार शेजारीशेजारी चालू शकतील एवढा रुंद रस्ता आहे, तरी पाय ठेवायला जागा नाही. लोक होड्यांतून आणि गच्च्यांवरून बघताहेत. मेशिकांचा सम्राट मोक्तेसुमा पालखीतून उतरतो. त्याच्या पुढची वाट झाडली जाते. सरदार मान खाली घालतात, कारण त्याच्या तोंडाकडे बघायचं नसतं. समोर स्पॅनिश सेनापती एर्नान कोर्तेस आहे. क्युबाहून निघाला तेव्हा त्याच्याबरोबर अकरा जहाजं, पाचएकशे सैनिक आणि सोळा घोडे होते. तो मिठी मारायला पुढे होतो आणि सरदार त्याला अडवतात.

दोघांमध्ये एक तरुण स्त्री उभी आहे, मालिंत्सिन. किनाऱ्यावर स्पॅनिशांना भेट दिलेल्या वीस बायकांपैकी ही एक. नावाट्ल आणि माया या दोन्ही भाषा तिला येतात. सम्राट आणि परका सेनापती यांच्यातला शब्दन् शब्द एका दासीच्या तोंडून जातो आहे.

तुमच्या भोवतालचे लोक घोडे बघताहेत. तुम्ही त्यांच्या मागे बघा. ओझी आणि शस्त्रं घेतलेले हजारो त्लाश्कालाचे योद्धे चालत आहेत. त्यांच्या राज्याची मेशिकांनी वर्षानुवर्षं नाकेबंदी केली होती. कापूस नाही, मीठ नाही. ज्यांनी अळणी जेवणं जेवली ती माणसं आज शत्रूच्या राजधानीत पाहुणी म्हणून शिरताहेत. पहिल्यांदा ते स्पॅनिशांशी लढले, मग हिशेब करून त्यांना मिळाले. मूठभर परक्यांनी साम्राज्य जिंकल्याची गोष्ट पुढे पुष्कळ सांगितली जाईल, तेव्हा ही रांग आठवा.

शरद १५२०

मधल्या काळात बरंच घडलं. स्पॅनिशांनी मोक्तेसुमाला ओलीस ठेवलं. उत्सवात नाचणाऱ्या निःशस्त्र तरुणांची कोर्तेसचा सरदार आल्वारादो याच्या माणसांनी कत्तल केली. शहर उठलं. मोक्तेसुमा मेला आणि ३० जूनच्या रात्री पश्चिमेच्या रस्त्याने पळताना कोर्तेसची शेकडो माणसं कापली गेली, काही सोन्याच्या ओझ्यासकट पाण्यात गेली. शहराने बाजी मारली होती. कालवे मोकळे झाले, देवळं झाडून घेतली गेली.

आणि मग देवी आल्या. कोर्तेसला पकडायला क्युबाहून नार्वाएसची फौज आली होती, तिच्याबरोबर हा रोग किनाऱ्यावर उतरला आणि गावोगाव वर चढला. इथल्या कोणाच्याही आज्या-पणज्यांनी तो पाहिलेला नाही. बहुतेक स्पॅनिशांना तो लहानपणीच येऊन गेलेला, म्हणून ते उभे आहेत.

होडी मघाच्याच कालव्यात आहे. सोनखताची होडी बांधून ठेवलेली, बरेच दिवस हललेली दिसत नाही. पाट्याचा आवाज नाही. व्रण असेल तर आत जा. बाई चटईवर आहे. तोंडावर, छातीवर, तळव्यांवर फोड एकमेकांना भिडले आहेत. कूस बदलायला गेली की किंचाळते. शेजारी मूल आहे, तिकडे नवरा. पाट्यावर लगदा वाळून खपली झाला आहे. तापावरचा नेहमीचा उपाय म्हणून लोकांनी वाफेची न्हाणी केली, एकाच कोंदट खोलीत, आणि रोग आणखी पसरला.

पुढे बेर्नार्दिनो दे साआगुन या पाद्र्याने नावाट्ल जाणकारांकडून जे लिहून घेतलं, त्यात हे स्पष्ट आहे: कित्येक जण फोडांनी मेले आणि कित्येक भुकेने, कारण त्यांच्याकडे बघायला कोणी उरलं नव्हतं. घरातले सगळे एकाच वेळी पडले तर दोन घोट पाणी आणि अर्धी भाकरी मिळून जगले असते तेही जात नाहीत का? सुमारे साठ दिवस साथ चालली. स्पॅनिशांना हाकलणारा नवा राजा क्वित्लावाक गादीवर बसून तीन महिनेही झाले नव्हते, तोही गेला.

उन्हाळा १५२१

कोर्तेस परत आला आहे. स्पॅनिश शेकड्यांत, त्लाश्काला आणि इतर शेजारी हजारोंनी. त्लाश्कालात तयार केलेल्या तेरा लढाऊ नौका सुट्या करून, डोंगर ओलांडून, माणसांच्या खांद्यांवरून तळ्याकाठी आणल्या आहेत. मेअखेरीस पहिला घाव चापुल्तेपेकच्या पाटावर बसतो. पिण्याचं पाणी बंद.

मग काम शिस्तीने चालतं. घर पाडायचं, त्याचा राडारोडा शेजारच्या कालव्यात टाकायचा, वरून घोडे न्यायचे, पुढचं घर पाडायचं. ज्या कालव्यातून तुम्ही आलात तो बुजला आहे. वेढ्यात अडकलेली माणसं मचूळ पाणी पितात, सरडे आणि कातडी खातात. १३ ऑगस्टला शेवटचा राजा क्वाउतेमोक होडीतून निसटताना पकडला जातो.

विजयाची कारणं स्पॅनिश बखरींत धाडस, घोडे, पोलाद आणि ईश्वरकृपा अशी लावली जातील. घोड्यांचा आणि पोलादाचा वाटा खराच. पण तुम्ही पाहिलंत ते त्यात मावत नाही. आधी मका वाटणारे हात पडले, मग पाट तुटला, आणि दोन्ही वेळा शेजाऱ्यांचा जुना राग दारात उभा होता. त्या शेजाऱ्यांनाही रोगाने सोडलं नाही. १५४५ आणि १५७६ साली आणखी भयंकर साथी आल्या. शतकभरात मध्य मेक्सिकोतल्या दहा माणसांमागे आठ-नऊ नाहीशी झाली, असं पुष्कळ इतिहासकार मानतात.

सप्टेंबर १६२९

शेवटचा थांबा. देवळाचे दगड नव्या इमारतींत गेले आहेत आणि शहराचं नाव आता मेक्सिको. नव्या मालकांना तळं म्हणजे उपसून टाकायची अडचण वाटते. डोंगर फोडून पाणी बाहेर काढायचं काम १६०७ पासून चालू आहे आणि त्यावर मूळ रहिवाशांनाच राबवून घेतलं जातं. या महिन्यात पाऊस कोसळतो, तळं शहरात शिरतं आणि १६३४ पर्यंत बाहेर जात नाही. पाच वर्षं लोक होड्यांतून फिरतात. तेनोच्तित्लानलाही पूर येत, पण तिथे पाण्याबरोबर राहायचं शहाणपण पिढ्यान्पिढ्या हातांत मुरलेलं होतं. कोर्तेसच्या लोकांना सोनं वितळवून नेता आलं, दगड उचलून दुसरीकडे बसवता आले. हे शहाणपण ज्या हातांत होतं, त्यातले बहुतेक मधल्या शंभर वर्षांत चटईवर संपले होते.