तुळस का वाळली? घरच्या बागेला मिळालेल्या सल्ल्यांचा थोडा इतिहास

आजच्या विषयाची पाटी लागल्यापासून तीन-चार जणांनी मला वाटेत थांबवून विचारलं, की सर, तत्त्वज्ञानाचा माणूस बागेवर काय बोलणार? रास्त प्रश्न आहे. मी कृषी महाविद्यालयाची पायरी चढलेलो नाही. माझी बाग म्हणजे गंगापूर रोडवरच्या फ्लॅटची बाल्कनी आणि गच्चीचा सोसायटीने वापरू दिलेला एक कोपरा. कुंड्या बावीस. पण आयुष्यभर वर्गात मी जो एक प्रश्न शिकवला, तो कुंडीपाशी उभ्या राहिलेल्या माणसाला रोज पडतो. दुसऱ्याने सांगितलेलं खरं कधी मानायचं? पान पिवळं पडलं. शेजारीण म्हणते पाणी कमी पडतंय, मोबाइल म्हणतो अमुक मीठ घाला, दुकानदार म्हणतो औषध मारा. ऐकायचं कुणाचं?

आपल्या न्यायदर्शनाने याचा विचार फार बारकाईने केलाय. शब्द हे प्रमाण आहे, म्हणजे ऐकूनही ज्ञान होतं. पण तो शब्द आप्ताचा हवा. आता आप्त म्हणजे मराठीतला नातेवाईक नव्हे बरं का. भाष्यकार वात्स्यायन सांगतो, की ज्याने ती गोष्ट स्वतः नीट जाणली आहे, ती जशी आहे तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे आणि ज्याला ती सांगता येते, तो आप्त. आणि पुढे तो म्हणतो, की हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेच्छाला सारखंच लागू आहे. इतक्या जुन्या काळी हे म्हणायला धाडस लागलं असणार. ज्ञान कुळावर नाही, पाहण्यावर.

आता एक जुनी हकिकत सांगतो. १९६० च्या आसपासची, मी नऊ-दहा वर्षांचा होतो. जुन्या नाशकात आमचा भाड्याचा वाडा, नऊ बिऱ्हाडं, मधल्या चौकात दगडी तुळशीवृंदावन. एका बिऱ्हाडात वैशाखात लग्न होऊन नवी सून आली. आषाढात तुळस माना टाकायला लागली, श्रावण लागायच्या आत काड्या झाल्या. दुसरी लावली, तीही गेली. वाड्यातल्या म्हाताऱ्यांनी काय निदान केलं असेल, तुम्ही ओळखलंच असेल. पायगुण. त्या वहिनींना तुळशीला पाणी घालायची बंदी झाली, आणि बाकीच्या आठ घरांतून तांबे जास्तच निष्ठेने रिते व्हायला लागले.

फुलांच्या पुड्या टाकायला एक माळीबाबा यायचे. त्यांनी एकदा वृंदावनात बोट खुपसलं, माती नाकाशी नेली आणि म्हणाले, "वास मारतोय. मुळं कुजली. खालची मोरी मोकळी करा न् आठ दिवस पाणी नका घालू." कुणी ऐकलं नाही. फुलं विकणाऱ्याने धर्मकृत्यात बोलायचं नसतं! दिवाळीनंतर वृंदावनाची डागडुजी निघाली तेव्हा गवंड्याला खालच्या भोकात विटेचा तुकडा अडकलेला सापडला. वरून पाऊस, त्यात नऊ घरांचे नऊ तांबे, आणि निचरा शून्य. तिसरी तुळस मग छान वाढली. बंदी मात्र उठवायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. वाडा सुटेपर्यंत वहिनी त्या चौकात हातात तांब्या घेऊन कधी दिसल्या नाहीत.

म्हणून मी बागेचा सल्ला ही क्षुल्लक गोष्ट मानत नाही.

गंमत अशी की माळीबाबांचं म्हणणं आपल्याच संस्कृत ग्रंथात होतं. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदावर एक अध्याय आहे. त्यात लावलेल्या झाडाला पाणी कधी घालावं ते दिलंय: उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ, हिवाळ्यात एक दिवसाआड, आणि पावसाळ्यात जमीन सुकेल तेव्हाच. पहिले दोन नियम घड्याळाचे आहेत. तिसऱ्यासाठी वाकून जमीन बघावी लागते. आमच्या वाड्यात पोथ्या वाचणारे तिघे तरी होते. पण हा अध्याय वाचायची गरज कुणाला?

त्याच अध्यायात झाडांमधलं अंतर आहे. वीस हात उत्तम, सोळा मध्यम, बारा हे कमीत कमी. मुळं एकमेकांना भिडली की झाडं नीट फळत नाहीत, असं कारणही दिलंय. आपण एका कुंडीत मोगरा, गुलाब आणि हौसेने कोथिंबीर लावतो आणि विचारतो फुलं का येत नाहीत.

पुढे सुमारे हजार वर्षांपूर्वी सुरपाल नावाच्या वैद्याने 'वृक्षायुर्वेद' हा स्वतंत्र ग्रंथ रचला. त्याची पोथी ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात होती. शास्त्रज्ञ य. ल. नेने यांनी तिची प्रत मिळवली, नलिनी साधले यांनी भाषांतर केलं, आणि १९९६ मध्ये सिकंदराबादच्या एशियन ॲग्री-हिस्टरी फाउंडेशनने ते छापलं. सुरपाल झाडालाही वात-पित्त-कफ लावतो. आज आपण ते तसंच्या तसं मानणार नाही. पण पद्धत पाहा: आधी लक्षण, मग कारण, मग उपचार. याच ग्रंथातलं 'कुणपजल' सध्या फार गाजतंय. कुणप म्हणजे प्रेत. प्राण्यांची हाडं, मांस, चरबी पाण्यात शिजवून, त्यात पेंड, उडीद, दूध, मध वगैरे घालून आंबवलेलं ते द्रव खत. नत्र, स्फुरद भरपूर, यात चमत्कार नाही. आता ते बाटलीत भरून 'प्राचीन ऋषींचं अमृत' म्हणून कुणी विकतं, तेव्हा मात्र मला हसू येतं. आणि शाकाहारी कुणपजल घेणाऱ्याला नावाचा अर्थ कुणी सांगत नाही!

मुघलांनी आपल्या गावाला गुलशनाबाद म्हटलं होतं, बागांचं गाव. त्या बागा राखणाऱ्या माळ्यांनी काही लिहून ठेवलं नाही. लिहिलं ते नंतर साहेबाने. १८३० मध्ये पुण्यात ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया निघाली. एम्प्रेस गार्डन आणि तिथली पुष्पप्रदर्शनं तिचीच. १८६० च्या दशकात फर्मिंजर या पाद्र्याचं बागकामाचं मोठं पुस्तक आलं. माणूस कष्टाळू, पण त्याची बाग बंगालमध्ये, गाळाच्या जमिनीवर. आपली काळी माती पावसात चिकट होते, उन्हाळ्यात भेगाळते. तिथलं वेळापत्रक इथे लावलं की घोटाळा ठरलेला. हा घोटाळा अजून चालू आहे. इंग्रजी व्हिडिओ पाहून कुणी "भरपूर ऊन द्या" म्हणतं, तो थंड देशातला असतो. नाशकाच्या एप्रिलमध्ये दुपारी दोनला सिमेंटच्या गच्चीवर ठेवलेलं रोप भाजून निघतं.

जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये पूर्ण केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये सरकारला सुचवलंय, की शेतमालाची प्रदर्शनं भरवा, नांगरायच्या परीक्षा घ्या, बक्षिसं द्या. कागदावरचा सल्ला शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोहोचत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आता द्राक्षांकडे येऊ. नाशकात बसून द्राक्षं टाळता येत नाहीत. १८८२ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दो भागात मियार्दे हा वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक द्राक्षबागांतून चालला होता. एका कीटकाने जुन्या वेलींची मुळं खाल्ली म्हणून अमेरिकेतून वेली आणल्या, तर त्यांच्याबरोबर केवडा रोग आला. आपले बागायतदार त्याला 'डाऊनी' म्हणतात. सगळीकडे पानं गळालेली, पण रस्त्याकडेच्या ओळी हिरव्यागार. का? चौकशी केल्यावर कळलं, की येणारे-जाणारे घड तोडतात म्हणून त्या ओळींवर मोरचूद आणि चुना शिंपडलाय. निळसर डाग दिसला की चोर हात लावत नाही. औषध म्हणून नव्हे, बुजगावणं म्हणून! मियार्देने घरी जाऊन प्रयोग केले आणि १८८५ मध्ये प्रसिद्ध केले. तेच आपलं बोर्डो मिश्रण.

आपल्याकडे ओझरला १९२५ च्या सुमारास रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाडांनी द्राक्षाची बाग उभी केली असं सांगतात. तिथपासून जिल्हाभर वेल पसरला. आणि त्या फ्रेंच बुजगावण्याशिवाय इथल्या बागा पावसाळ्यात उभ्या राहिल्या नसत्या. घरी करायचं तर लिटरला दहा ग्रॅम मोरचूद आणि दहा ग्रॅम चुना. दोन्ही वेगवेगळे भिजवायचे, प्लास्टिकच्या भांड्यात, धातूच्या नको. मिसळल्यावर त्यात लोखंडी सुरी बुडवा. पात्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळं आहे, चुना वाढवा. त्याच दिवशी वापरा. पण हे बुरशीचं औषध आहे. जास्वंदीवर पांढरा कापूस दिसतो तो पिठ्या ढेकूण, ती कीड. तिला बोर्डोने काही होत नाही. तिला पाण्याचा जोरदार फवारा, मऊ ब्रश, साबणाचं पातळ पाणी, निंबोळी तेल. बुरशी आणि कीड यांतला हा फरक न पाहता औषध मागणारे निम्म्याहून अधिक लोक मला भेटतात.

आणखी एका माणसाचं नाव घ्यायलाच हवं. श्रीपाद अच्युत दाभोलकर. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात गणित शिकवणारे प्राध्यापक. त्यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला. तासगावच्या द्राक्ष बागायतदारांनी स्वतः प्रयोग करायचे, पानं मोजायची, ऊन मोजायचं आणि जे दिसलं ते एकमेकांना कळवायचं. वरून उपदेश करणारा कुणी नाही. 'विपुलाच सृष्टी' हे त्यांचं पुस्तक मिळालं तर जरूर वाचा. घरातल्या काडीकचऱ्याची माती करून गच्चीवर भाजी पिकवणारे पुष्कळ लोक त्यांच्याच वाटेने गेलेत. वात्स्यायनाच्या आप्ताची व्याख्या मला खरी कळली ती दाभोलकर वाचताना, हे गुरुजनांची क्षमा मागून सांगतो.

एवढं सगळं वाचलेला माणूस काय करतो, ऐका. चार वर्षांपूर्वी माझ्या कढीपत्त्याची पानं कुणीतरी कुरतडत होतं. मी एका दुकानात गेलो. दुकानदाराने पान पाहिलं नाही, झाड कसलं ते विचारलं नाही, बाटली दिली. मीही काही विचारलं नाही, संध्याकाळी फवारलं. पीएच.डी. माणूस! दुसऱ्या दिवशी दुपारी हिने सांगितलं, की शेजारच्या घरात सकाळी कढी होती आणि नेहमीप्रमाणे त्यांनी आपल्या झाडाची पानं नेली. बाटलीवरची बारीक अक्षरं तेव्हा भिंग घेऊन वाचली. त्या घरात दीड वर्षाचं मूल आहे. मी जाऊन सगळं सांगितलं, त्यांनी लगेच डॉक्टरांना फोन केला. मुलाने कढी खाल्लीच नव्हती, मोठ्यांना काही झालं नाही. पण ती रात्र मी बसून काढली. चूक दुकानदाराची पन्नास टक्के धरली तरी उरलेली पन्नास माझी होती.

पानं खाणाऱ्या त्या अळ्या फुलपाखराच्या होत्या, हे नंतर कळलं. लहानपणी त्या पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, मोठ्या झाल्या की हिरव्या होतात. लिंबावर आणि कढीपत्त्यावर येतात. आठ-दहा असतील तर हाताने उचलून बाजूला करायच्या, एवढंच काम होतं.

आता मला कुणी फोनवर विचारलं, सर, तुळस वाळतेय, काय घालू? तर मी काहीच सांगत नाही. विचारतो. कुंडीला खाली भोक आहे का, आणि ते मोकळं आहे का? बोट दोन पेरं घातलं तर ओलं लागतं की कोरडं? ऊन किती तास? मंजिऱ्या खुडता का? थंडीचे दिवस आहेत का, कारण निफाडकडून गार वारा सुटला की तुळस मरगळतेच, ती मेलेली नसते. आणि शेवटचा प्रश्न: घरात पाणी कोण-कोण घालतं? या प्रश्नावर हमखास पलीकडे थोडा वेळ शांतता होते. मग आवाज येतो, "अहो, मी घालते... आणि हे पण घालतात वाटतं."

वेळ झाली. ज्यांनी पिशवीत कुंड्या आणल्यात त्यांनी त्या बाहेर कट्ट्यावर ठेवा, चहा घेऊन येतो.