ग्रंथालयीन ऑनलाइन शोधाची सुगम्यता

विद्यापीठीय ग्रंथालयाच्या संगणकीय तालिकेत, म्हणजेच ओपॅकमध्ये, आणि तिच्या जोडीने नियतकालिके, प्रबंध व ई-ग्रंथ एकाच खिडकीतून शोधून देणाऱ्या एकत्रित शोधप्रणालीत दिव्यांग वाचकाला दुसऱ्याच्या मदतीवाचून शोध घेता यावा, हाती आलेल्या नोंदी पारखता याव्यात आणि हवे ते साहित्य मागवता अथवा उघडता यावे, यासाठी प्रणालीच्या रचनेत, नोंदींत आणि देखभालीत करावयाची व्यवस्था. अंध आणि अल्पदृष्टी वाचकांचा विचार यात प्रथम होत असला, तरी हातांच्या मर्यादित हालचालींमुळे माऊस न वापरता केवळ कळफलकावर काम करणारे, रंगांध, डिस्लेक्सियामुळे अक्षरक्रम चुकणारे, तसेच मार्गदर्शनपर चित्रफितींसाठी उपशीर्षकांची गरज असणारे कर्णबधिर वाचकही तिच्या कक्षेत येतात. व्याख्येतील ‘मदतीवाचून’ ही अट सर्वांत महत्त्वाची आहे. संशोधकाचा शोध एका फेरीत संपत नाही. पहिल्या नोंदींवरून तो शब्द बदलतो, शेजारची शीर्षके चाळतो, नको ते बाजूला सारतो, आणि हे सारे मदतनिसाकरवी करावे लागले, तर निवड मदतनिसाची होते व संशोधकाच्या वाट्याला त्याने वाचून दाखवले तेवढेच येते.

कार्डांवरची जुनी तालिका अंध वाचकाला पूर्णतः बंद होती. १९८० च्या दशकातील ओपॅक निव्वळ मजकुराच्या पडद्यावर, क्रमांक दाबून पर्याय निवडण्याच्या पद्धतीने चालत, त्यामुळे पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणाऱ्या आज्ञावलीला, म्हणजे स्क्रीन रीडरला, तो ओळीने वाचणे तुलनेने सोपे होते. पुढे चित्रमय पडदे आणि वेबपृष्ठे आली तेव्हा डोळस वाचकाचे काम सुकर झाले; अंध वाचकाला मात्र नव्या अडचणी आल्या. टेड हेंटर यांनी १९८९ मध्ये अमेरिकेत आणलेला जॉज हा स्क्रीन रीडर दीर्घकाळ प्रचारात असला, तरी त्याची किंमत भारतीय विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरची होती. मायकेल करन आणि जेम्स टेह या ऑस्ट्रेलियन तरुणांनी २००६ पासून विकसित केलेल्या एनव्हीडीए या विनामूल्य स्क्रीन रीडरने ही कोंडी फोडली. त्यासोबत येणाऱ्या ईस्पीक या वाचायंत्रणेत मराठीचाही समावेश आहे.

वेबवरील सुगम्यतेचे निकष वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम ही संस्था ठरवते. तिच्या मार्गदर्शिकेची पहिली आवृत्ती १९९९ मध्ये निघाली. सध्याच्या रचनेचा पाया २००८ च्या दुसऱ्या आवृत्तीने घातला आणि २०१८ व २०२३ मध्ये त्यात भर पडली. आशय जाणवला पाहिजे, हाताळता आला पाहिजे, समजला पाहिजे आणि वेगवेगळ्या साधनांवर टिकला पाहिजे, ही तिची चार तत्त्वे असून ए, एए आणि एएए अशा तीन पातळ्यांपैकी एए ही पातळी बहुतेक देशांच्या नियमांत आधारभूत मानली जाते.

या तत्त्वांचा कस शोधपृष्ठावर लागतो. शोधचौकटीला संगणकास ओळखता येईल असे नाव दिलेले नसेल आणि शेजारी केवळ भिंगाचे चित्र असेल, तर स्क्रीन रीडर तिथे नुसते ‘संपादन’ किंवा ‘बटण’ असे म्हणतो. चौकटीत ‘लोकहि’ इतके टंकताच खाली ‘लोकहितवादी’ आदी सूचनांची यादी उघडते. ती उघडल्याचे ऐकू आले नाही आणि बाणांच्या कळांनी तिच्यात फिरता आले नाही, तर तिचा उपयोग होत नाहीच, उलट एंटर दाबताच नको ती सूचना निवडली जाण्याचा धोका असतो. शोधाचे फलित पृष्ठ नव्याने न उघडता जागच्या जागी बदलते, अशा वेळी ‘४२ नोंदी सापडल्या’ हे वाक्य आपोआप उच्चारले जाण्याची सोय पृष्ठाच्या संकेतनात करावी लागते. ती नसेल, तर शोध झाला की नाही हेच वाचकाला कळत नाही. प्रत्येक नोंदीचे शीर्षक संकेतनात ‘मथळा’ म्हणून नोंदवलेले असले, की एनव्हीडीए वापरणारा वाचक एच ही एक कळ दाबत एका ग्रंथावरून दुसऱ्यावर जातो. ही खूण नसेल, तर त्याला लेखक, प्रकाशक, बोधांक आणि बटणे असा सगळा पसारा ओळीने ऐकावा लागतो. ‘अधिक माहिती’ हाच दुवा एका पृष्ठावर वीस वेळा आला, तर दुव्यांची यादी काढून पाहणाऱ्याला कोणता दुवा कोणत्या ग्रंथाचा हे समजण्यास मार्ग उरत नाही.

भाषा, वर्ष, विषय अशा गाळण्यांच्या चौकटींत विशेष त्रास होतो. एका चौकटीत खूण करताच अनेक प्रणालींत पृष्ठ बदलते, कळफलकाचा रोख पृष्ठाच्या आरंभी जातो आणि दुसरी खूण करण्यासाठी वाचकाला पुन्हा सारी वाट चालावी लागते. म्हणून सर्व खुणा आधी करू देऊन अखेरीस ‘लागू करा’ असे बटण देणे श्रेयस्कर ठरते. ग्रंथ उपलब्ध आहे की बाहेर गेला आहे हे केवळ हिरव्या-तांबड्या ठिपक्याने दाखवल्यास रंगांध आणि अंध दोघेही वंचित राहतात, तर फिकट राखाडी अक्षरे अल्पदृष्टी वाचकाला दिसत नाहीत. सामान्य आकाराच्या मजकुरासाठी अक्षर व पार्श्वभूमी यांतील उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५:१ असावे असा एए पातळीचा निकष आहे. हालचाल नसल्यास बंद होणारे सत्र संथ गतीने काम करणाऱ्याची निवडलेली सूची पुसून टाकते, म्हणून पूर्वसूचना देऊन मुदत वाढवण्यास निदान २० सेकंद मिळावेत, असेही मार्गदर्शिका सांगते.

मराठी साहित्याच्या बाबतीत पडद्याची रचना निर्दोष करूनही प्रश्न सुटत नाही, कारण अडचण नोंदीतच असते. युनिकोडपूर्व काळात श्री-लिपीसारख्या टंकांत केलेल्या नोंदींचे अंतरंग प्रत्यक्षात रोमन चिन्हांचे असते. त्या टंकाच्या आधाराने डोळ्यांना देवनागरी दिसते, स्क्रीन रीडर मात्र निरर्थक अक्षरे उच्चारतो आणि युनिकोडमध्ये टंकलेला शोधशब्द त्या नोंदीपर्यंत पोहोचतच नाही. काही ठिकाणी मराठी शीर्षके रोमन लिप्यंतरात नोंदलेली असतात. ती इंग्रजी आवाजात ओळखू येईनाशी होतात. देवनागरी नोंदीलाही मराठी भाषेची खूण संकेतनात जोडावी लागते. तिच्यावाचून एकाच पृष्ठावर इंग्रजी सूचना आणि मराठी शीर्षके असताना कोणत्या भाषेच्या वाचेने काय वाचावे याचा निर्णय यंत्रणेला नीट करता येत नाही.

युनिकोडमध्येही सर्व काही एकसारखे नसते. ‘दऱ्या’ या शब्दातील अर्धा र स्वतंत्र संकेतांक असलेल्या ऱ या वर्णापासून साधता येतो, तसा साध्या र ला हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह देऊनही साधता येतो. ‘ॲ’ हा वर्ण एका संकेतांकाने लिहिता येतो किंवा अ पुढे चंद्रखूण देऊनही. डोळ्यांना दोन्ही रूपे एकच दिसतात, संगणकाला ती भिन्न असतात, आणि युनिकोडच्या प्रमाणीकरणाचे सर्वसाधारण नियमही त्यांना एक मानत नाहीत. म्हणून ही समानता शोधनिर्देशांकात वेगळी नोंदवावी लागते, आणि र्‍हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घालणारा शोधही तिथेच रचावा लागतो. त्याचा सर्वाधिक लाभ ब्रेल कळफलक वापरणाऱ्यांना आणि डिस्लेक्सिया असलेल्यांना होतो. कोहा ही न्यूझीलंडमध्ये जन्मलेली मुक्तस्रोत ग्रंथालयप्रणाली किंवा अमेरिकेतील व्हिलानोव्हा विद्यापीठाची व्ह्यूफाइंड वापरणाऱ्या ग्रंथालयाला असे बदल स्वतः करता येतात, हे मुक्तस्रोताच्या बाजूने वजनदार कारण आहे; विकत घेतलेल्या बंदिस्त प्रणालीत उत्पादकाच्या वेळापत्रकावर विसंबावे लागते.

ग्रंथ कोणत्या रूपात वाचता येईल हेही नोंदीतून कळले पाहिजे. मार्क २१ या नोंदप्रमाणात त्यासाठी २०१८ मध्ये ३४१ आणि ५३२ ही क्षेत्रे घालण्यात आली; त्यांत ब्रेल, उपशीर्षके, चित्रांची शब्दवर्णने अशा सोयी नोंदवता येतात. भारतात २०१२ च्या दुरुस्तीने स्वामित्वहक्क कायद्यात दिव्यांगांसाठी सुगम्य प्रत करण्यास मुभा मिळाली, याच विषयावरील मराकेश करारास २०१४ मध्ये मान्यता देणारा भारत हा पहिला देश ठरला, आणि २०१६ मध्ये सुगम्य पुस्तकालय हा ऑनलाइन संग्रह सुरू झाला. अशा संग्रहांतील प्रती विद्यापीठाच्या शोधात दिसल्या नाहीत, तर एकदा सुगम्य झालेल्या ग्रंथाचे पुन्हा स्कॅनिंग करण्यात विद्यार्थ्याचे सत्र निघून जाते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याने २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांना मान्यता दिली असून त्याचे ४२ वे कलम माहिती व संज्ञापन तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेविषयी आहे. राजीव रतुरी प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवणे मूळ कायद्याशी विसंगत ठरवले आणि बंधनकारक निकष करण्यास केंद्र सरकारला सांगितले.

खरेदीच्या वेळी उत्पादक सुगम्यतेचे स्वयंघोषित विवरणपत्र देतात. ते वाचावे, पण त्यावर विसंबू नये. स्वयंचलित तपासणीची साधनेही नाव नसलेले बटण दाखवतात, मात्र दिलेले नाव अर्थपूर्ण आहे की नाही हे त्यांना ठरवता येत नाही. एखादा विषय देऊन ग्रंथ शोधणे, तो राखून ठेवणे आणि ई-प्रत उघडणे हे काम प्रत्यक्ष दिव्यांग वाचकांकडून, त्यांच्या नेहमीच्या साधनांवर आणि योग्य मानधन देऊन करवून घेणे हीच खरी परीक्षा होय. ती ई-प्रत उघडेपर्यंत न्यावी लागते, कारण शोध सुरळीत होऊनही शेवटी हाती येणारी पीडीएफ म्हणजे पानांची नुसती छायाचित्रे असल्याचे वारंवार आढळते. प्रणालीची आवृत्ती बदलताना पूर्वी दुरुस्त केलेले दोष परत येतात, म्हणून ही परीक्षा खरेदीपुरती मर्यादित न ठेवता प्रत्येक आवृत्तीबदलानंतर घेण्याची आणि आढळलेले दोष ठरलेल्या मुदतीत दूर करण्याची अट करारातच घालावी लागते.