अर्ध्या वितीचं ‘नाही’

‘मी पैसे घेतले नाहीत.’

आवाजाची बातमी करायला नव्यानं शिकणाऱ्याला पहिल्याच दिवशी हे वाक्य द्यावं. मोबाइलच्या पडद्यावर त्याची निळी नागमोडी रेघ उमटते. शेवटचा उंचवटा बोटानं निवडायचा आणि पुसायचा. उरतं, ‘मी पैसे घेतले.’ आवाज त्याच माणसाचा, व्याकरण शाबूत, आणि खुलाशाचा झाला कबुलीजबाब. ‘घेतले’चा सूर जरा अधांतरी लटकतो, पण पुढे लगेच निवेदकाचा आवाज जोडला की तेही झाकलं जातं. मराठीत नकार वाक्याच्या शेपटाला असतो, त्यामुळे आपल्याकडे हा उद्योग फारच सोपा. नारायणराव पेशव्यांच्या खुनाच्या आख्यायिकेत ‘ध’चा ‘मा’ करायला निदान लेखणी तरी उचलावी लागली होती.

बोललेला शब्द असा कापता येणं ही तशी अलीकडची गोष्ट. एडिसननं १८७७ साली आवाज पकडला, पण तो खाचेत कोरलेला. खाच ऐकता येते, कापून जोडता येत नाही. पुढे तबकड्या आल्या तरी ही अडचण तशीच राहिली. ६ मे १९३७ रोजी अमेरिकेत लेकहर्स्टला हिंडेनबर्ग हे जर्मन हवाईजहाज उतरता उतरता पेटलं, तेव्हा शिकागोच्या डब्ल्यूएलएस केंद्राचा हर्बर्ट मॉरिसन तिथं तबकडीवर वर्णन मुद्रित करत होता. मघापर्यंत शांतपणे बोलणाऱ्या मॉरिसनचा गळा दाटून येतो, तो मध्येच थांबतो, पुन्हा बोलू लागतो. बातमीदाराचं ते कोलमडणं आपल्यापर्यंत जसंच्या तसं आलं, याला तबकडीचा हा आडमुठेपणाही थोडा कारणीभूत आहे.

कात्रीला वाट करून दिली ती चुंबकानं. डेन्मार्कच्या वाल्डेमार पोल्सेननं १८९८ मध्ये पोलादी तारेवर आवाज उमटवण्याचं यंत्र काढलं. १९०० च्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्यावर बोललेल्या ऑस्ट्रियाच्या सम्राटाचा, फ्रान्झ जोसेफचा आवाज आजही ऐकता येतो. तार तुटली तर गाठ मारायची, हेच तिचं संकलन. मग ड्रेस्डेनचा फ्रिट्झ फ्लॉयमर पुढे आला. सिगारेटच्या टोकाला सोनेरी पट्टी चढवण्यासाठी कागदावर धातूची पूड चिकटवण्याचं तंत्र त्यानं बसवलं होतं. तसंच कागदावर लोखंडाची पूड चिकटवली तर? १९२८ मध्ये त्यानं कागदी फितीचं पेटंट घेतलं. ती पटकन फाटायची, पण फाटली तरी चिकटवता यायची. आवाजाच्या संकलनाचं सगळं घराणं या दुरुस्तीच्या सोयीतून वाढलं आहे.

आपल्याकडे ही वस्तू पोचली तेव्हा नाव घरातच तयार होतं. ज्या पोर्तुगिजांकडून चावी, बटाटा आणि पगार आले, त्यांच्याच ‘फिता’ची आपण कधीच फीत केली होती. वेणीची आणि उद्घाटनाची फीत होतीच, त्यात ध्वनिफीत आली. आकाशवाणीत तिच्या रिळाला स्पूल म्हणत.

फ्लॉयमरच्या कल्पनेवर जर्मनीत एईजी आणि बीएएसएफ या कंपन्यांनी काम केलं आणि १९३५ च्या बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात मॅग्नेटोफोन हे यंत्र मांडलं. युद्ध संपल्यावर जॅक मलिन या अमेरिकी सैन्यातल्या तंत्रज्ञाला बाड नाउहाइमच्या रेडिओ केंद्रात सुधारलेले मॅग्नेटोफोन दिसले. वाजणारं संगीत मुद्रित आहे की समोर कुणी वाजवतंय, हे त्याच्या कानाला ओळखता येईना. दोन यंत्रं सुटी करून आणि ५० रिळं घेऊन त्यानं ती टपालाच्या पिशव्यांतून घरी धाडली. गायक बिंग क्रॉस्बी आठवड्याच्या आठवड्याला थेट प्रक्षेपणाला जुंपून घ्यायला कंटाळला होता. त्यानं मलिनला हाताशी धरलं आणि १ ऑक्टोबर १९४७ पासून त्याचा कार्यक्रम फितीवरून वाजू लागला.

सुरुवातीची एक लबाडीही तिथलीच. मलिन पुढे सांगत असे ती हकिकत अशी. एका विनोदवीराचे चावट किस्से प्रक्षेपणातून गाळावे लागले, पण त्यावरचं प्रेक्षकांचं हसू एवढं दणदणीत होतं की ते जपून ठेवलं गेलं. पुढे एक कार्यक्रम फिका पडला तेव्हा ते हसू त्यात चिकटवलं. माणसं खरोखर हसली होती, पण दुसऱ्याच विनोदाला.

आता फीत कापणारा हात जवळून पाहू. रेडिओत बोलण्याची फीत सहसा सेकंदाला १९ सेंटिमीटर धावायची, म्हणजे एक सेकंद जवळपास वीतभर. ‘नाहीत’ला अर्धा सेकंद धरला तर ती झाली अर्धी वीत. जागा शोधण्यासाठी दोन्ही रिळं हातानं पुढेमागे हलवायची. आवाज जाडाभरडा होऊन रेंगाळतो आणि ‘ना’चा पहिला दबका हुंकार लागतो. तिथं थांबून फितीच्या पाठीवर पिवळ्या मेणपेन्सिलीनं खूण करायची. मग फीत धातूच्या ठोकळ्यातल्या पन्हळीत बसवायची आणि तिरप्या खाचेतून दाढीचं पातं ओढायचं. असा ठोकळा प्रचारात आणला तो अमेरिकेत सीबीएसच्या जोएल टॉल या संकलकानं.

खाच तिरपी असण्याला कारण आहे. काप सरळ असेल तर एक आवाज संपून दुसरा एका क्षणात आदळतो आणि ‘टक्’ ऐकू येतं. पाव इंच रुंदीची फीत ४५ अंशांत कापली की सेकंदाच्या साधारण तिसाव्या भागात एक आवाज ओसरतो आणि दुसरा चढतो. पातं चुंबकलेलं असेल तरी ‘टक्’ होतंच. कापलेले तुकडे फेकायचे नाहीत. शहाणे संकलक ते गळ्यात टांगत किंवा टेबलाच्या कडेला चिकटवून ठेवत. हरवलेला श्वास त्यातच सापडायचा.

श्वास हा या कामातला खरा परीक्षक. नवखा आधी श्वासच कापतो, मग माणूस न थांबता बोलणारं यंत्र होतो. काही जणांकडून दोन श्वास लागोपाठ येतात आणि जोड उघडा पडतो. दोन वाक्यांमध्ये एकच श्वास, तोही पुढच्या वाक्याचा, एवढं जमलं की निम्मं काम झालं. दुसरी जोखीम खोलीची. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, कुठं पंखा घुमतो तर कुठं रस्ता. म्हणून मुलाखत संपल्यावर सगळ्यांना गप्प बसवून अर्धा मिनिट नुसती खोली मुद्रित करायची. पुढे ती ठिगळाला लागते.

पात्याचा सर्वात मोठा उपयोग मात्र गाळण्यात झाला नाही. बीबीसीच्या रेडिओ-रूपकांत तोवर सहसा सामान्य माणसाचं बोलणं लेखक उतरवून घेई आणि माइकसमोर नट ते म्हणत. १९५७ मध्ये जॉन ॲक्सन हा इंजिनचालक ब्रेक निकामी झालेली मालगाडी आवरता आवरता मेला. बीबीसीचा निर्माता चार्ल्स पार्कर आणि लोकगायक युअन मॅकॉल त्याच्या बायकोचे आणि सोबत्यांचे आवाज मुद्रित करून आले. ते ऐकल्यावर नटांना बोलवायचं कारण उरलं नाही. ‘द बॅलड ऑफ जॉन ॲक्सन’ २ जुलै १९५८ रोजी प्रसारित झालं. तासन्‌तास बोलण्यातून नेमके तुकडे उचलता आले म्हणून रेल्वेवाल्यांना आपल्याच तोंडानं बोलता आलं. ज्या पात्यानं ‘नाहीत’ कापता येतं, त्याच पात्यानं हेही झालं.

पातं आता गेलं. कार्नेगी मेलन विद्यापीठात दोघांनी सुरू केलेलं ऑडॅसिटी हे ध्वनिसंकलनाचं सॉफ्टवेअर २००० मध्ये सर्वांना फुकट मिळालं, आणि ज्या कामाला स्टुडिओ लागे ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर होऊ लागलं. कापलेलं एका बटणानं परत येतं. त्यामुळे गळ्यात तुकडे टांगणं संपलं, आणि कापताना हात थबकणंही. अर्धी वीत बोटांना जाणवत असे. पडद्यावरचा उंचवटा जाणवत नाही.

मराठीत छापील मजकुराचं संपादन होतं, चित्रपटाचं आणि आवाजाचं संकलन. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त संकलित म्हणजे बेरीज आणि व्यवकलित म्हणजे वजाबाकी. कामाचं नाव बेरजेचं, पण दिवसभर चालते ती वजाबाकीच. तेव्हा शाळेत वजाबाकीला लावत तो ताळा इथंही लावावा. बाईट, म्हणजे बातमीत वापरायचा आवाजाचा तुकडा, तयार झाला की मूळ मुद्रण उघडायचं, गाळलेलं मनात परत मिळवायचं आणि सलग ऐकायचं. अर्थ जुळला तर पाठवायचं. नाही जुळला, तर ते अर्ध्या वितीचं कुठं राहिलं ते शोधायचं.