कागदाची पाठ

परमुलखात नोकरी करणाऱ्या मराठी कुटुंबाच्या सामानात एक पत्र्याची पेटी हटकून असते. बदलीच्या वेळी ती सर्वांत शेवटी मालमोटारीत चढते आणि नव्या क्वार्टरात सर्वांत शेवटी उघडली जाते. पुष्कळदा उघडली जातच नाही. वडिलांच्या निवृत्तिवेतनाचे आदेश, गावच्या जमिनीचे उतारे, कोणाची तरी जन्मपत्रिका, आणि तळाशी खारव्याच्या फडक्यात बांधलेले, घरात कोणालाच वाचता न येणारे मोडी कागद, असा तिचा ऐवज असतो. आमच्याही घरी अशी पेटी होती. ती अजून आहे, पण खारव्याचे फडके आता रिकामे आहे. ते रिकामे कसे झाले, हे सांगण्यापूर्वी थोडा इतिहास सांगणे भाग आहे. कारण तो इतिहास आम्हांस आधी ठाऊक असता, तर हा लेख लिहिण्याचा प्रसंगच आला नसता.

मराठ्यांची कीर्ती तलवारीने झाली असे आपण मानतो. परंतु ते राज्य चालले ते बोरूने. पुण्यास पेशव्यांचे हुजूर दफ्तर होते. त्यात चालते दफ्तर आणि एकबेरीज दफ्तर अशा दोन मुख्य शाखा असत. चालत्या दफ्तरात रोजचा व्यवहार नोंदला जाई. एकबेरीज दफ्तरात साऱ्या जमाखर्चाचे कागद वर्गवार लावून वर्षाचा गोषवारा सिद्ध होई. प्रांतोप्रांतीचे हिशेब येथे येत, तपासले जात आणि रुमालात बांधून ठेवले जात. सचिवालयात काम करणाऱ्या वाचकांस हे वर्णन परके वाटणार नाही. आपल्याकडील डायरी, डिस्पॅच आणि रेकॉर्ड रूम यांचेच ते पूर्वज होत.

त्या कारकुनांची एक रीत येथे विशेष ध्यानात घेतली पाहिजे. पत्र आले की ते केव्हा पोहोचले याची नोंद, म्हणजे 'पैवस्ती', त्याच कागदावर माथ्याला किंवा पाठीवर होई. सनद लिहिणारा एक, तपासणारा दुसरा आणि वहीत नोंदणारा तिसरा; 'रुजू' आणि 'बार' हे त्यांचे शेरे कागदावर उमटत. लांब मजकुरासाठी बंदाला बंद चिकटवीत, आणि मधला एखादा बंद कोणी बदलू नये म्हणून पाठीमागे जोडावर शिक्का मारीत. म्हणजे कागदाच्या पोटावर राजाची आज्ञा असे, तर पाठीवर त्या आज्ञेची साक्ष असे. मराठी पत्रलेखकांची आणखी एक सवय प्रसिद्ध आहे: ते चांद्रमासाची तारीख घालीत, पण वर्ष घालण्याचे पुष्कळदा टाळीत. वाचणाऱ्याला वर्ष ठाऊकच असे! दोनशे वर्षांनी मात्र ते कोणासच ठाऊक नसते, आणि तेव्हा पैवस्तीचा एखादा शेरा साऱ्या मजकुराहून मोलाचा ठरतो.

हे दफ्तर नेहमीच नीट राहिले असे नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दीत त्याची आबाळ झाली आणि कागद बाहेर गेले. १८१८ साली राज्य गेले आणि उरलेले दफ्तर इंग्रजांच्या हाती आले. त्यांनी ते जपले, पण इतिहासाच्या प्रेमाने नव्हे. इनामे कोणाची खरी, कोणाची खोटी, हे ठरविण्यास त्यांना पुरावा हवा होता. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले, आणि घरोघरच्या सनदा दफ्तरातील नोंदींशी ताडून पाहण्यात येऊ लागल्या. जवळ सनद असूनही दफ्तरात मेळ न बसल्यामुळे पिढ्यान्‌पिढ्यांचे उत्पन्न गमावण्याची पाळी अनेक घराण्यांवर आली. कागदाची नोंद म्हणजे ज्ञान, हे आपण पुस्तकात वाचतो. कागदाची नोंद म्हणजे ताटातली भाकरी, हे त्या काळच्या इनामदारांस कोणी शिकवावे लागले नाही.

ज्ञानाची पाळी नंतर आली. १८९८ साली राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि पुढे जन्मभर गावोगाव हिंडून कागद जमविले. १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. पेशवे दफ्तराची दारे अभ्यासकांना मोकळी होण्यास मात्र फार काळ जावा लागला. अखेर सर जदुनाथ सरकार यांच्या प्रेरणेने गोविंद सखाराम सरदेसाई यांच्याकडे निवडीचे काम आले, आणि १९३० ते १९३४ या अवघ्या चार-पाच वर्षांत त्यांनी पंचेचाळीस खंड सिद्ध केले. हजारो रुमाल सोडावयाचे, वाचावयाचे, काळ ठरवावयाचा, बाळबोधीत उतरवावयाचे आणि पुन्हा बांधावयाचे, असे ते काम होते. यातील शेवटचे क्रियापद महत्त्वाचे आहे. छापील खंड निघाला म्हणून मूळ रुमाल कोणी फेकून दिले नाहीत. उलट, त्यानंतरचे अभ्यासक सरदेसायांचे वाचन पुन्हा मुळाशी ताडून पाहू शकले, ते त्यामुळेच.

आम्ही दिल्लीकर, म्हणून आमच्या दाराशी असलेल्या दफ्तराचाही उल्लेख करतो. जनपथावरील लाल-पिवळ्या दगडांची ती इमारत आपल्यापैकी अनेकांनी बसमधून पाहिली असेल. १८९१ साली कलकत्त्यास 'इंपीरियल रेकॉर्ड डिपार्टमेंट' निघाले. राजधानी हलल्यावर ते दिल्लीस आले, आणि स्वातंत्र्यानंतर त्याचे राष्ट्रीय अभिलेखागार झाले. १९३९ पासून दहा वर्षे त्याची धुरा डॉ. सुरेंद्रनाथ सेन यांच्याकडे होती. हे गृहस्थ बंगाली. पण त्यांनी सभासदाची बखर इंग्रजीत नेली आणि मराठ्यांच्या राज्यकारभारावर १९२३ साली ग्रंथ लिहिला. चालते दफ्तर आणि एकबेरीज दफ्तर यांची घडण समजून घेतलेला मनुष्य पुढे अखिल भारताचा दफ्तरदार व्हावा, हा योग आम्हांस फार गोड वाटतो.

आता आपल्या काळाकडे येऊ. छायाचित्राने कागदाची नक्कल करण्याची विद्या नवी नाही. १८७०-७१ च्या वेढ्यात पॅरिसकरांची पत्रे सूक्ष्म फिल्मवर उतरवून कबुतरांच्या पिसांना बांधून आत आणीत. विसाव्या शतकात हीच मायक्रोफिल्म ग्रंथालयांत आणि दफ्तरखान्यांत पोहोचली, आणि तिच्यामागोमाग एक मोह आला: फिल्म झाली, आता कागद कशाला? अमेरिकेतील अनेक ग्रंथालयांनी जुन्या वृत्तपत्रांच्या बांधीव फायली या समजुतीने काढून टाकल्या. पुढे कोठे पाने सुटलेली, कोठे चित्रे काळवंडलेली आढळली; तोवर मूळ अंक उरले नव्हते.

विजेच्या यंत्रांवरील नकलेची कथा तर अधिकच बोधप्रद आहे. इंग्लंडच्या राजाने १०८६ साली करविलेली जमीनमहसुलाची नोंदवही आजही वाचता येते. तिच्या नऊशेव्या वर्षी, १९८६ साली, बीबीसीने देशाची नवी नोंद लेसर तबकड्यांवर केली. पंधरा-सोळा वर्षांतच त्या तबकड्या वाचणारी यंत्रे दुर्मीळ झाली, आणि आतला मजकूर सोडवून घेण्यासाठी तज्ज्ञांना खटपट करावी लागली.

आमच्या केंद्रीय कचेऱ्यांच्या कार्यपद्धतीत या बाबतीत एक शहाणपणा मुरलेला आहे. महत्त्वाच्या फायलींवर 'ए' वर्गाचा शिक्का पडे, आणि त्याचा अर्थ असा: ठेवावी आणि मायक्रोफिल्म करावी. 'ठेवावी किंवा' असे नव्हे, 'ठेवावी आणि'. १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्यानेही १८९२ पूर्वीचा सरकारी कागद, तो अगदीच निकामी झाला नसेल तर, नष्ट करण्यास मनाई केली आहे. आज ई-ऑफिसात टिपणीचा पडदा जुन्या नोटशीटसारखाच हिरवा दिसतो; रंग राहिला, कागद गेला. नव्या पत्रव्यवहाराचा जन्मच यंत्रात होतो, त्याची मूळ प्रत तीच. त्याविषयी आमची तक्रार नाही. प्रश्न आहे तो जन्माने कागद असलेल्या कागदांचा.

आता आमची कबुली. मागील बदलीच्या वेळी क्वार्टर लहान मिळाले. घर कागदमुक्त करण्याचा आम्ही चंग बांधला. तीन रविवार बसून पेटीतील मोडी कागदांची भ्रमणध्वनीवर छायाचित्रे घेतली, त्यांना एकापासून क्रमांक दिले, आणि मूळ कागद वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याबरोबर रद्दीवाल्याच्या तराजूत ठेवले. हलके झाल्यासारखे वाटले. सहा महिन्यांनी गावाहून चुलतभावाचे पत्र आले. देवस्थानाच्या जमिनीविषयी आजोबांकडे जुनी सनद होती, ती कोठे आहे? आम्ही मोठ्या ऐटीने सर्व छायाचित्रे मोडी जाणणाऱ्या एका वृद्ध स्नेह्यांकडे पाठविली. त्यांनी सनद ओळखली, देवाचे आणि गावाचे नाव वाचले, चांद्रतारीखही वाचली. मग विचारले, "वर्ष यात नाही. पाठीवर काही शेरा असेल. पाठीचे चित्र कोठे आहे?"

पाठीचे चित्र नव्हते. पाठीवर काही लिहिलेले असते, हेच आम्हांस ठाऊक नव्हते. दिवसभर ज्याच्या हातून शेकडो टपाल डायरी होऊन जाते, त्या कारकुनाने आपल्याच घरच्या कागदाची डायरी रद्दीत घातली होती! पुढे त्या जमिनीचे काय होईल ते होवो. चुलतभावाने आम्हांस एक शब्दही बोल लावला नाही, आणि तेच जास्त लागले.

म्हणून वाचकांस विनंती आहे. आपल्या पेटीतील कागदांची चित्रे अवश्य घ्या. ओल, वाळवी आणि बदली यांपुढे कागदाची शाश्वती नाही. पण दोन्ही बाजूंची घ्या, कोरी पाठ असली तरीही घ्या. ती कोरी होती हाही पुरावाच आहे. प्रत्येक चित्राला नुसता क्रमांक न देता कोणाचा, कशाचा, कोठला आणि केव्हाचा हे नावातच लिहा. एक प्रत घरी ठेवा, एक दुसऱ्या गावी भावंडाकडे द्या, आणि यंत्र बदलले की प्रती नव्या यंत्रावर चढवा. मूळ कागदाला चिकटपट्टी लावू नका, प्लॅस्टिकमध्ये दाबून घेऊ नका. स्वच्छ सुती फडक्यात बांधा. जागाच नसेल तर जवळच्या अभिलेखागाराला किंवा संशोधन मंडळाला विचारा. रद्दीवाल्याला सर्वांत शेवटी विचारा.

आम्ही स्वतः मागील महिन्यात पेटीतील उरलेली पत्रे काढली. ती बाळबोधीत आहेत. वडिलांना आलेली, साधी, खुशालीची. या वेळी पाठी पाहिल्या. प्रत्येक पत्राच्या मागे वडिलांच्या बारीक अक्षरात दोन ओळी आहेत: पत्र पोहोचले त्याची तारीख, आणि खाली 'उत्तर दिले' हा शेरा. वडीलही कारकूनच होते. एकाच पत्रामागे दुसरी ओळ नाही. ते पत्र त्यांच्या धाकट्या बहिणीचे आहे, आणि पोहोचल्याची तारीख त्यांच्या शेवटच्या आजारपणातली आहे. आत्या हयात आहेत. आम्ही त्यांना उत्तर लिहिले, आणि वडिलांच्या अक्षराखाली तारीख घालून शेरा पुरा केला.