एका क्रियापदाचा वाद

धर्मग्रंथ एक असला म्हणजे धर्ममतहि एकच राहतें, अशी पुष्कळांची समजूत असते. ख्रिस्ती धर्माच्या इतिहासानें ती अनेकदां खोटी ठरविली आहे. याचें ठळक उदाहरण म्हणजे जर्मनींतील मारबुर्गच्या किल्ल्यांत ऑक्टोबर १५२९ मध्यें भरलेली विद्वत्सभा होय.

मृत्यूच्या आदल्या रात्रीं येशूनें शिष्यांसह भोजन केलें आणि भाकर मोडून देतांना ती आपलें शरीर आहे, असें सांगितलें. या प्रसंगाच्या स्मरणार्थ प्रभुभोजनाचा विधि होतो. भाकरीचें रूप व चव तशींच राहून तिचें मूलद्रव्य मात्र ख्रिस्ताचें शरीर बनतें, असें रोमच्या चर्चनें १२१५ च्या लॅटरन परिषदेंत मान्य केलें होतें. विटेनबर्गचा मार्टिन लूथर आणि झुरिचचा उल्रिख झ्विंग्ली या दोघांहि सुधारकांनीं हें मत सोडलें. परंतु त्याच्या जागीं काय मानावें, याविषयीं त्यांचें जमेना.

हा केवळ पंडितांचा वाद नव्हता. त्याच वर्षीं श्पायर येथील राजसभेंत सुधारणेला अनुकूल अशा संस्थानिकांनीं व नगरांनीं बादशाही पक्षाच्या ठरावाचा निषेध नोंदविला होता. 'प्रॉटेस्टंट' हें नांव त्यावरूनच पडलें. बादशहा पांचव्या चार्ल्सपुढें टिकाव धरावयाचा तर जर्मन संस्थानिक आणि स्विस नगरें यांची जूट हवी, हें हेसचा राजा फिलिप यानें ओळखलें. म्हणून त्यानेंच दोन्ही पक्षांस मारबुर्गला बोलाविलें.

लूथरनें आरंभींच मेजावर खडूनें तें मूळ वाक्य लॅटिनमध्यें लिहून ठेविलें. 'आहे' म्हणजे आहेच, असें त्याचें म्हणणें. प्रभूचा शब्द स्पष्ट असतां मानवी तर्कानें त्यास मुरड घालावयाची, तर मग श्रद्धेस आधार कोणता? झ्विंग्लीच्या मतें येथें 'आहे' याचा अर्थ 'दर्शविते' असा होता. येशूनें स्वतःस द्राक्षवेल म्हटलें, दार म्हटलें. तेथें कोणी शब्दशः अर्थ घेत नाहीं. शिवाय योहानाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय देहापेक्षां आत्म्याचें महत्त्व सांगतो. आणि ख्रिस्त स्वर्गारोहण करून पित्याच्या उजवीकडे बसला असेल, तर त्याचा देह प्रत्येक वेदीवर कसा येईल? यावर लूथरचें उत्तर असें कीं, देवाचा उजवा हात एका जागीं बांधलेला नसतो.

'हा माझा भाऊ' एवढें म्हटलें कीं मराठींत वाक्य पुरें होतें. येशूच्या अरामी भाषेंतहि असें क्रियापदावांचून बोलतां येतें. ग्रीक व लॅटिन ग्रंथांत मात्र तें क्रियापद लिहिलेलें आहे, आणि सारा वाद त्याच शब्दाभोंवतीं फिरला. तथापि खरें अंतर व्याकरणाचें नव्हतें. ग्रंथच प्रमाण, हें दोघांसहि मान्य होतें. पण कोणत्या वचनाच्या उजेडांत कोणतें वचन वाचावयाचें, हें ग्रंथ स्वतः सांगत नव्हता.

अखेर पंधरा कलमांचा मसुदा झाला. चौदांवर एकमत झालें. पंधराव्यांतील कांहीं मुद्देहि जुळले. शरीराच्या उपस्थितीचा प्रश्न तेवढा राहिला. झ्विंग्लीनें डोळ्यांत पाणी आणून पुढें केलेला बंधुत्वाचा हात लूथरनें स्वीकारला नाहीं.

पुढें ११ ऑक्टोबर १५३१ रोजीं कापेलच्या लढाईंत झ्विंग्ली पडला. त्याच वर्षीं लूथरपक्षीयांनीं श्माल्काल्डेनचा संघ उभारला. पण स्विस नगरें त्यांत नव्हतीं. १५४७ मध्यें बादशहानें त्या संघाचा पराभव केला, आणि एकीसाठीं झटलेला फिलिप पांच वर्षें कैदेंत पडला. इकडे रोमच्या पक्षानें १५५१ मध्यें ट्रेंटच्या परिषदेंत आपलें जुनें मत अधिकच निश्चित शब्दांत मांडलें.

लूथर आणि झ्विंग्ली यांच्या परंपरांतील युरोपीय चर्चें १९७३ मध्यें बाझेलजवळ लॉयेनबर्ग येथें एकत्र आलीं, आणि एकमेकांस आपापल्या प्रभुभोजनांत सामील करून घेण्याचें त्यांनीं मान्य केलें. मूळ वाक्यांतील एकहि अक्षर बदललें नव्हतें. ख्रिस्त भाकरींत कसा येतो, या प्रश्नाऐवजीं तो स्वतःस देतो, या समान श्रद्धेवर त्यांनीं भर दिला, आणि पूर्वजांनीं एकमेकांस दिलेले दोष आजच्या मतांस लागू नाहींत, असें जाहीर केलें. मारबुर्गला न मिळालेला हात मिळण्यास ४४४ वर्षें लागलीं.