पायरीवरचा सोबती

मंडळाच्या अंगणात रविवारी सकाळी मी कुत्र्यांचा वर्ग घेते. कुंपणाजवळून जाताना एका आजींनी परवा विचारले, "काय बाई, माणसांच्या शाळा कमी पडल्या का?" स्मरणिकेसाठी काही लिहा, असा चिटणीसबाईंचा आग्रह झाला, तेव्हा आजींच्या प्रश्नाचेच उत्तर द्यावे असे ठरविले.

कुत्रा आपल्याला परका नाही. धर्मराजाने स्वर्गाच्या दारीही त्याला टाकले नाही. दत्तगुरूंच्या पायांशी चार कुत्री असतात, खंडोबाच्या सोबतही कुत्रा असतो. तरी घरात त्याची जागा पायरीचीच. राखणीपलीकडे त्याच्या हातून काही व्हावे, हे आपल्या मनात फारसे येत नाही.

ज्यांच्या मनात ते आले, त्यांत स्त्रिया पुष्कळ होत्या. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी १८५९ साली शुश्रूषेवर लिहिलेल्या पुस्तकात, दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या रोग्याला लहानसा पाळीव प्राणी उत्तम सोबत करतो, असे नमूद केले आहे. पहिल्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी जर्मनीत ओल्डेनबुर्ग येथे १९१६ साली वाटाड्या कुत्र्यांची शाळा निघाली. अमेरिकेत तसेच कार्य १९२९ साली डोरोथी यूस्टिस यांच्या पुढाकाराने सुरू झाले.

पुढे न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांना निराळाच अनुभव आला. कोणाशी मन मोकळे न करणारा एक मुलगा त्यांच्या 'जिंगल्स' नावाच्या कुत्र्याशी रमला. १९६१ साली त्यांनी ही हकीकत आपल्या व्यवसायबंधूंपुढे मांडली, तेव्हा कित्येकांनी ती थट्टेवारी नेली. तरीही १९७६ साली एलेन स्मिथ या परिचारिकेने न्यू जर्सीत, रुग्णभेटीला जाणाऱ्या कुत्र्यांची परीक्षा घेऊन नोंद करणारी संस्था काढलीच. आपल्याकडे मुंबई-पुण्यात मीनल कवीश्वर यांच्या 'अ‍ॅनिमल एंजल्स फाउंडेशन'ने हे काम मुलांपर्यंत नेले.

हे सारे वाचून मलाही उत्साह आला. आमचा मोती रस्त्यावरून आणलेला, पण स्वभावाने गरीब. सासूबाईंना अर्धांगवायू झाला तेव्हा व्यायामाला नकार देणारा त्यांचा हात मोतीच्या पाठीवरून मात्र फिरे. म्हणून त्याला मी एका वृद्धाश्रमात नेले. तेथे चाकांची खुर्ची खडखडली, मोती बिचकला आणि त्याच्या धक्क्याने एक आजी पडता पडता वाचल्या. दोष मोतीचा नव्हता. प्रेमळ कुत्रा आणि तयार कुत्रा यांतला फरक मला ठाऊक नव्हता. त्या दिवसाची लाज हेच या वर्गाचे मूळ होय.

अमेरिकेत १९८९ पासून सभ्य कुत्र्याची दहा कसोट्यांची परीक्षा आहे. परक्याने कुरवाळले तरी शांत बसणे, गर्दीतून साखळी न ताणता चालणे, हाकेसरशी येणे, दुसरा कुत्रा दिसला तरी न उसळणे, मालक दृष्टीआड झाला तरी न घाबरणे, अशा त्या कसोट्या. आम्ही त्याच धरतो, शिवाय काठी, कुबडी आणि चाकाची खुर्ची यांची सवय लावतो. मार लावीत नाही. मारलेला कुत्रा भीतीने गप्प बसतो, आणि भ्यालेला कुत्राच चावतो. रेबीजची लस टोचल्यावाचून प्रवेश नाही. नागपूरचा उन्हाळा तुम्ही जाणताच. डांबराने पाय भाजतात म्हणून त्या दिवसांत वर्ग सूर्योदयालाच संपवितो.

वर्गाची फी घेते. त्यात मला कमीपणा वाटत नाही. परंतु प्रमाणपत्र विकत मिळत नाही. अशा कुत्र्यांसाठी आपल्या देशात सरकारी परीक्षा नाही, म्हणूनच आपल्या कागदाची अब्रू आपणच राखली पाहिजे. जो कुत्रा लोकांत रमत नाही, त्याला घरीच सुखाने राहू द्यावे, हे सांगताना मालकांचा रोष पत्करावा लागतो.

२०२२ साली रस्त्यावरच्या कुत्र्यांना खाऊ घालण्याचा वाद आपल्या नागपूर खंडपीठातून थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. शेजाऱ्या-शेजाऱ्यांत अबोला झाला. भिणाऱ्यांचे भय खोटे नाही, आणि घास टाकणाऱ्यांची माया खोटी नाही. शिकविलेला कुत्रा पाहिला की दोन्ही पक्ष थोडे जवळ येतात, असा माझा अनुभव आहे.

मोती दोन वर्षांनी परीक्षेत उतरला. तो त्याच वृद्धाश्रमात पुन्हा गेला, तेव्हा त्याच आजींनी त्याला आधी ओळखले. प्रश्न विचारणाऱ्या आमच्या शेजारच्या आजींनी एका रविवारी कुंपणाच्या आत यावे, एवढीच विनंती.