रस्त्यात गेलेली घरे

आमच्या घरातील जुनी माणसे काळ मोजायची ती दोन खुणांनी. ‘प्लेगाच्या आधी’ ही एक आणि ‘घर रस्त्यात गेलं त्यानंतर’ ही दुसरी. लहानपणी चिंचपोकळी स्टेशनाकडे तोंड असलेल्या आमच्या चाळीच्या गॅलरीत बसून आजीच्या तोंडून हे दुसरे वाक्य ऐकले की मला मोठे नवल वाटे. घर रस्त्यात कसे जाईल? मला वाटे, ते आपल्या पायांनी उठून रस्त्यावर गेले असेल आणि तेथेच हरवले असेल.

पुढे कळले की ही समजूत अगदीच चुकीची नव्हती. आजी लग्न होऊन आली ती डोंगरीकडच्या एका गल्लीत. एका मजल्यावर नऊ बिऱ्हाडे, मध्ये अंधारा बोळ, आणि नळ फक्त खाली. ‘टरस्ट’ची माणसे आली, भिंतींवर आकडे घालून गेली, आणि काही महिन्यांनी मालकाने सगळ्यांना खोल्या सोडायला सांगितले. साल तिला सांगता येत नसे. सँडहर्स्ट रोडचे काम चालू होते एवढेच ती सांगे. हातगाडीवर भांडी, तिच्यावर जाते, आणि मागून चालणारी नवी सून, अशी आमच्या घराण्याची चिंचपोकळीला येणारी मिरवणूक होती. मालकाला पैसे मिळाले. आम्हांला काय मिळाले, असे मी एकदा विचारले, तेव्हा आजी म्हणाली, ‘‘चार दिवसांची मुदत वाढवून मिळाली.’’

या एका उत्तरापायी मी गेली कित्येक वर्षे मुंबईच्या रस्त्यांचा इतिहास वाचतो आहे.

त्याची सुरुवात अर्थातच प्लेगापासून होते. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी हा रोग ओळखला. पुढच्या काही महिन्यांत माणसे शहर सोडून पळू लागली, गिरण्यांचे साचे ओस पडले. आमच्या चिंचपोकळीजवळचे आजचे कस्तुरबा रुग्णालय तेव्हा आर्थर रोडचे इस्पितळ होते, आणि त्याच्या नावानेच गिरणगावातली बायामाणसे चळचळा कापत. रोगाचे मूळ घाणीत आणि कोंदट घरांत आहे असा त्या वेळच्या शास्त्राचा ग्रह होता. उंदरावरची पिसू दोषी ठरायला अजून अवकाश होता. तेव्हा उपाय ठरला तो हवा आणि उजेड आत आणण्याचा. आणि हवा आणायची तर दाट वस्तीच्या पोटातून रुंद रस्ते काढायला हवेत. १८९८ च्या कायद्याने त्यासाठी ‘बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. लॉर्ड सँडहर्स्ट तेव्हा गव्हर्नर होते, म्हणून त्यांचे नाव रस्त्याला पडले. पहिली योजना नागपाड्याची. मग प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड, पुढे सिडनहॅम रोड. आज हे रस्ते शामळदास गांधी, सरदार वल्लभभाई पटेल आणि महंमद अली यांच्या नावांनी ओळखले जातात. समुद्रावरचा वारा शहरात यावा म्हणून हे रस्ते पश्चिमेकडून पूर्वेकडे, किंवा दक्षिणेकडून उत्तरेकडे, सरळ काढले गेले. वारा आला, यात शंका नाही. आजही मे महिन्यात त्या रस्त्यांवर तो जाणवतो.

प्रश्न आहे तो वाऱ्याच्या वाटेत असलेल्यांचा.

१८९४ च्या भूसंपादन कायद्याने मालकाला जमिनीचा बाजारभाव आणि सक्तीने घेतल्याबद्दल वर शेकडा पंधरा, असे देणे सरकारवर बंधनकारक केले होते. ट्रस्टच्या कायद्याने त्यात फेरफार केले आणि तंट्यांसाठी खास न्यायाधिकरण नेमले. आता इमारतीची किंमत ठरायची कशी? तर तिच्या वार्षिक भाड्याची अमुक पट. म्हणजे ज्या चाळीत माणसे जितकी जास्त कोंबली, तितके भाडे जास्त आणि तितकी भरपाई मोठी. कोंदटपणा नाहीसा करायला निघालेल्या संस्थेने कोंदटपणाचीच किंमत मोजावी, हा या साऱ्या प्रकरणातला विनोद आहे, आणि तो त्या वेळच्या अधिकाऱ्यांनाही दिसत होता. योजना येणार असे कळले की काही मालक घाईघाईने भाडोत्री भरीत.

आणि भाडोत्री? १८८२ च्या मालमत्ता-हस्तांतरण कायद्याप्रमाणे महिन्याच्या भाडोत्र्याला पंधरा दिवसांची नोटीस दिली की त्याचा हक्क संपला. ज्याचा हक्क पंधरा दिवसांचा, त्याचे नुकसानही पंधरा दिवसांचेच, हे कायद्याचे तर्कशास्त्र. ते चुकीचे नाही; फक्त त्यात माणूस बसत नाही. भांडीवाली बाई, दळण दळणारी विधवा, कोपऱ्यावरचा न्हावी यांचे पोट त्या गल्लीवर चाले, पण गल्ली कोणाच्या नावावर नसते.

मुंबईला या बाबतीत पॅरिसचे उदाहरण डोळ्यांपुढे होते. १८५३ ते १८७० या काळात बॅरन ओसमानने ते शहर कापून काढले, तेव्हा तेथेही गरीब हाकलले गेले आणि मालक गबर झाले. पण भाडेपट्टा असलेल्या दुकानदारालाही तेथे भरपाई मागता येत असे. मुंबईने पॅरिसचे रस्ते घेतले. भाडेपट्टा येथे मुळात कोणाजवळ नव्हताच.

ट्रस्टने चाळी बांधल्या नाहीत असे मात्र कोणी समजू नये. आग्रीपाड्याला, नागपाड्याला, चंदनवाडीला, माझगावकडे त्यांनी चाळी उभारल्या; त्यांपैकी कित्येकांत अजून संसार चालू आहेत आणि ‘बीआयटी चाळ’ हे नाव मुंबईत सगळ्यांना ठाऊक आहे. ट्रस्टचे एक अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी खोलीत उजेड यावा म्हणून साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा नियम घालून दिला, आणि या विषयावर ते तळमळीने बोलत. मला या गृहस्थांबद्दल आदर वाटतो. पण पहिल्या वीस वर्षांत ट्रस्टने जितक्या खोल्या पाडल्या तितक्या बांधल्या नाहीत, ही गोष्ट आदराने झाकत नाही. शिवाय जो आज पाडलेल्या खोलीतून निघाला, त्याला उद्याची चाळ बांधून होईपर्यंत थांबणे शक्य नव्हते. तो शेजारच्या गल्लीत नातेवाइकाकडे घुसला, किंवा आमच्या पणजोबांसारखा उत्तरेला गिरणीच्या भोंग्याजवळ आला. गर्दी नाहीशी झाली नाही. ती लालबाग-परळला राहायला आली.

१९२० मध्ये गव्हर्नर लॉईड यांच्या काळात डेव्हलपमेंट खाते निघाले. पन्नास हजार खोल्यांची घोषणा झाली, आणि प्रत्यक्षात वरळी, नायगाव, शिवडी आणि आमच्या जवळचा डिलाईल रोड मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या, खोल्या सोळा हजारांच्या घरात. त्या सुरुवातीला रिकाम्या राहिल्या. सिमेंटच्या त्या कोठडीत जाण्यापेक्षा मजुराला आपल्या गाववाल्यांची गच्च भरलेली चाळ बरी वाटे. पुनर्वसन म्हणजे नुसते छप्पर नव्हे, हे साहेबांना कळायला रिकाम्या चाळी पाहाव्या लागल्या.

येथे थोडे विषयांतर करतो. ज्या काळात या चाळी बांधल्या जात होत्या, त्याच काळात, १९२१ मध्ये, मुळशी पेट्यात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह चालू होता. टाटांचे धरण व्हायचे होते, आणि त्याची वीज मुंबईच्या गिरण्यांना यायची होती. तेथेही तोच पेच होता. बरीच जमीन कागदोपत्री पुण्याच्या सावकारांची. त्यांना मोबदला चांगला मिळाला की झाले. कसणाऱ्या मावळ्याला मोबदला नको होता, जमीन हवी होती. चिंचपोकळीतल्या गिरणीचे साचे ज्या विजेवर फिरले, तिच्या पाठीशी असा एक हिशेब न मिटलेला होता, हे आमच्यापैकी कितीजणांना ठाऊक असेल?

ट्रस्ट १९३३ मध्ये महापालिकेत विलीन झाला. त्यानंतरच्या गोष्टी वाचकांच्या आठवणीतल्या आहेत, तेव्हा मी त्या भरभर सांगतो. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडोत्र्याच्या पायांखाली जमीन आली. मालकाला त्याला पंधरा दिवसांत हुसकता येईना, आणि पागडीचा जन्म झाला. १९७६ मध्ये महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. तसा कायदा करणारे हे देशातले पहिले राज्य. शहरातल्या झोपडीवाल्यांसाठी मात्र १९९५ मध्ये द. म. सुखथनकर यांच्या अध्यक्षतेखालील कृतिदल नेमावे लागले. त्याच्या शिफारशींवरून १९९७ चे धोरण आले आणि रस्त्याच्या किंवा रुळाच्या आड येणाऱ्या, मोजणीत नाव असलेल्या कुटुंबाला २२५ चौरस फुटांचे घर मिळू लागले. जागतिक बँकेच्या कर्जाने सांताक्रूझ-चेंबूर आणि जोगेश्वरी-विक्रोळी हे जोडरस्ते झाले, तेव्हा दुकानदारांनी बँकेच्या तपासणी मंडळाकडे तक्रारी नेल्या, आणि १ मार्च २००६ रोजी बँकेने रस्ते व पुनर्वसन यांचे पैसे काही महिने थांबवले. डोंगरीच्या गल्लीतल्या त्या न्हाव्याचा प्रश्न शंभर वर्षांनी का होईना, वॉशिंग्टनला पोहोचला होता.

आणि आता गावाची गोष्ट. ती सांगायची नाही असे ठरवून मी हा लेख लिहायला घेतला होता.

आमचे मूळ गाव संगमेश्वराच्या बाजूला, मुंबई-गोवा महामार्गाला लागून आहे. महामार्ग चौपदरी व्हायचा ठरला, आणि आमच्या एका गटातून रस्त्याची आखणी गेली. आता काळ ट्रस्टचा नव्हता. २०१३ चा भूसंपादन कायदा आला होता, आणि २०१५ पासून त्यातील मोबदल्याच्या तरतुदी राष्ट्रीय महामार्गांनाही लागू झाल्या होत्या: ग्रामीण भागात बाजारभावाला एक ते दोनपर्यंतचा गुणक, आणि त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम. आंबा, काजू, फणस यांचे मूल्यांकन वेगळे. शिवाय बाधित कुटुंबाच्या व्याख्येत कूळ, शेतमजूर असे जमीन नसलेलेही आले, आणि विधवा स्त्री हे स्वतंत्र कुटुंब धरावे असे स्पष्ट म्हटले गेले. मी हे कलम वाचले तेव्हा मला आजीची आठवण झाली आणि आनंद झाला, हे येथे नमूद करतो.

सातबाऱ्यावर आजोबांचे नाव एकत्र कुटुंबाचे मॅनेजर म्हणून होते. माझ्या वडिलांनी आमच्या शाखेची वारसनोंद करून घेतली होती. धाकट्या चुलत्यांच्या शाखेची कोणी केली नाही. ते वारले, आणि त्यांच्या मागे काकी त्या घरात चाळीस वर्षे एकटी राहिली. झाडे तिने लावली, त्यांना पाणी तिने घातले, आणि गणपतीला आम्ही मुंबईकर जात असू तेव्हा चटणी-भाकरी तीच करी. मोजणीला ती हजर होती. कचेरीतून नोटिसा आल्या त्या चिंचपोकळीच्या, डोंबिवलीच्या आणि पुण्याच्या पत्त्यांवर. तिला आली नाही.

कचेरीतल्या कारकुनाने मला चुलत्यांच्या शाखेबद्दल विचारले होते. मी म्हटले, ते आमचे आम्ही पाहून घेऊ. आमचे आम्ही पाहून घेतले ते असे, की रक्कम सातबाऱ्यावरील नावांत वाटली गेली आणि माझ्या खात्यात माझा हिस्सा जमा झाला. बँकेचा निरोप आला तेव्हा मी सुखथनकर धोरणावरचे एक टिपण लिहीत बसलो होतो.

त्या वर्षी गणपतीला गेलो. काकीने ताट वाढले आणि विचारले, ‘‘कागदात माझं नाव कुठं होतं रे?’’ रागाने नव्हे. चष्मा हरवला की विचारावे तसे. मला चटकन उत्तर देता आले नाही. तिने पुढे विचारलेही नाही. ती ताक आणायला आत गेली.

मुंबईला परतल्यावर मी भावंडांना एकत्र बसवले. बैठक आमच्याच खोलीत झाली आणि फार गोड झाली असे म्हणवत नाही. एकाने मुलीच्या शिक्षणाचा खर्च सांगितला, तो खरा होता. दुसऱ्याने कायद्यावर बोट ठेवले, तेही खरे होते. शेवटी पाचांपैकी आम्ही दोघांनी आपले हिस्से काकीच्या पोस्टातल्या खात्यात भरले. तिघांनी भरले नाहीत, आणि त्यांना मी दोष देऊ शकत नाही, कारण पैसे जमा झाल्यावर आठ महिने मीही भरले नव्हते.

हे लिहिताना आमच्या गॅलरीतून दिसणाऱ्या गाड्या परळ-प्रभादेवीकडे धावत आहेत. तेथला १९१३ चा एल्फिन्स्टन पूल सप्टेंबर २०२५ मध्ये शिवडी-वरळी उन्नत मार्गासाठी बंद झाला. त्याच्या पायथ्याच्या लक्ष्मी निवास आणि हाजी नुरानी या इमारतींतल्या रहिवाशांचे मागणे एकच होते, की आम्हांला याच भागात घर द्या. मी त्या बाजूने गेलो की वर गॅलऱ्यांकडे पाहतो.

काकीने पैशांना अजून हात लावलेला नाही. तिने माझ्याकडे एकच काम दिले होते, वारसनोंदीचे. दोन वर्षे खेपा घातल्यावर फेरफार मंजूर झाला. नव्या सातबाऱ्यावर आता तिचे नाव आहे. त्या गटात क्षेत्र उरले आहे सव्वा गुंठा.